‘नेटवर्कमध्ये हरतो तो आळशी’ हे खरं नाही

नेटवर्क मार्केटिंगची, म्हणजे कंपनीचा माल विकायचा, नवे सदस्य जोडायचे आणि त्यांच्या खरेदीवरही कमिशन घ्यायचं या धंद्याची, भलामण करणारा एक मेसेज सतत फिरत असतो. जोखीम शून्य, तुम्हीच तुमचे मालक, हरतात ते मेहनतीत कमी पडलेले. वर हेही, की पिरॅमिड म्हणून नावं ठेवता, पण तुमचं ऑफिसही पिरॅमिडच आहे. हे वाचून लोक साठवलेले पैसे घालतात, म्हणून एकेक दावा नीट तपासायला हवा.

‘नोकरीतही पिरॅमिडच असतो.’ नोकरीत सगळ्यात खालच्या माणसाला पगार मिळतो, आणि तो पैसा बाहेरच्या गिऱ्हाइकाकडून येतो. नेटवर्कमध्ये बहुतेकदा खालचाच माणूस पैसे भरतो : किट, दरमहाची ठरलेली खरेदी, सेमिनारचं तिकीट. वरच्यांचं कमिशन बरंचसं या खरेदीतूनच निघतं. शिवाय प्रत्येकाने सहा जण जोडायचे म्हटलं, तर तेराव्या पायरीवर १,३०६ कोटी माणसं लागतात. जगाची लोकसंख्या ८०० कोटींच्या थोडी वर आहे. म्हणजे शेवटी आलेल्यांना जोडायला कुणी उरणारच नाही, मग ते कितीही राबोत.

‘मेहनत केली की मिळतंच.’ अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांच्या हितासाठी व्यापारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २०२४ मध्ये ७० कंपन्यांनी स्वतःच जाहीर केलेली उत्पन्नपत्रकं तपासली. बहुसंख्य सदस्यांची कमाई वर्षाला हजार डॉलर किंवा त्याहून कमी निघाली, तीही बहुतेक ठिकाणी खर्च वजा न करता. ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएआरपी फाउंडेशनच्या २०१८ च्या पाहणीत ४७ टक्के सदस्य तोट्यात होते आणि २७ टक्के जेमतेम बरोबरीत. एवढे सगळे आळशी होते असं मला मुळीच वाटत नाही.

प्लॅनमध्येच मेख असते. बायनरी नावाच्या कमिशन-प्लॅनमध्ये तुमच्या खाली जोडलेल्या माणसांचे डावा आणि उजवा असे दोन लेग, म्हणजे गट, असतात, आणि कमिशन साधारणपणे कमजोर लेगच्या उलाढालीवर धरतात. एका बाजूला तीस माणसं उभी केली आणि दुसऱ्या बाजूला दोनच टिकली, तर हिशेब त्या दोघांवर होतो.

‘जोखीम शून्य.’ महिन्याचा शेवटचा दिवस. रँक, म्हणजे कंपनीतला हुद्दा, टिकवायला खरेदीचे थोडे पॉइंट कमी पडतायत. अपलाइनचा, म्हणजे ज्याने तुम्हाला जोडलं त्या वरच्या माणसाचा, फोन येतो, ‘एवढ्यासाठी रँक घालवू नकोस.’ मग क्रेडिट कार्डवर आणखी एक खोका मागवला जातो आणि आधीच्या न विकलेल्या खोक्यांवर जाऊन बसतो. कंपनीच्या वहीत ही विक्री असते. घरात ते कर्ज असतं.

‘कायदेशीर आहे.’ असेलही. फेडरल ट्रेड कमिशनच्या १९७९ च्या ज्या निकालात अ‍ॅमवे या नेटवर्क कंपनीला बेकायदेशीर पिरॅमिड मानलं गेलं नाही, त्याच निकालात कमाईचे फुगवलेले दावे थांबवण्याचा आदेशही होता. कायदेशीर धंद्यातही माणूस बुडतो.

‘माणसं जोडली जातात.’ मला सगळ्यात जास्त राग या दाव्याचा येतो. सुरुवातीलाच वही देऊन ओळखीच्यांची नावं लिहायला लावतात. फोनवर काय बोलायचं तेही ठरलेलं असतं : कंपनीचं नाव घ्यायचं नाही, ‘एक छान संधी आहे, भेटून सांगतो’ एवढंच. मैत्रिणीला वाटतं, बऱ्याच दिवसांनी हिला आपली आठवण आली. समोर बसल्यावर प्लॅन निघतो. पुढच्या वेळी ती फोन उचलत नाही. जो शंका काढेल तो ‘निगेटिव्ह’, त्याच्यापासून लांब राहा, असं वर शिकवलं जातं. म्हणजे सावध करणारं माणूसच तुटतं. आणि सख्ख्या बहिणीला डाउनलाइनमध्ये, म्हणजे आपल्या खाली, आणल्यावर बाहेर पडणं आणखी अवघड होतं, कारण मग तिच्या पैशांबद्दलही बोलावं लागतं.

आत्ता यात अडकला असाल, तर दरमहाची आपोआप होणारी ऑर्डर आधी बंद करा. न विकलेला माल परत घेण्याची तरतूद अनेक कंपन्यांच्या नियमांत असते, पण तिला मुदत असते. करार काढून ती तारीख बघा, परतीची मागणी लेखी करा आणि अपलाइनला न विचारता थेट कंपनीला पाठवा.