दोन किनाऱ्यांची आफ्रिका

आफ्रिकेच्या इतिहासाचे ‘भौगोलिक स्पष्टीकरण’ म्हणून एक युक्तिवाद गेली काही वर्षे मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा : या खंडाचा किनारा सरळसोट असल्याने तेथे बंदरे नाहीत, नद्या पठारावरून कोसळत समुद्राला मिळतात, त्यामुळे त्यांतून बोटी आत जाऊ शकत नाहीत, उत्तरेला सहारा भिंतीसारखा आडवा पडला आहे, आणि उरलेल्या प्रदेशात हिवताप आणि त्सेत्से माशी आहे. म्हणून युरोपीय येईपर्यंत सहाराच्या दक्षिणेला दाट वस्ती, नगरे किंवा दूरचा व्यापार उभाच राहू शकला नाही. हा युक्तिवाद माणसांना नव्हे, तर जमिनीला दोष देतो, त्यामुळे तो सभ्य वाटतो. त्यातली बरीच विधाने सुटी घेतली तर खरी आहेत, त्यामुळे तो पटतोही. चूक आहे ती पाहणाऱ्याच्या जागेत. हा सगळा नकाशा समुद्रात नांगरलेल्या जहाजावरून पाहिलेला आहे, आणि जहाजाला जेथे शिरता येत नाही तेथे माणूस वसत नाही, असे त्यात न सांगता गृहीत धरलेले आहे.

पहिला मुद्दा किनाऱ्याचा. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौरस किलोमीटर आणि किनारा जेमतेम ३० हजार किलोमीटर. तिच्या एकतृतीयांश आकाराच्या युरोपाचा किनारा याहून लांब आहे. खाड्या आणि द्वीपकल्पे कमी आहेत, हे मान्य. पण ‘कमी’ आणि ‘नाहीत’ यांत फरक आहे. सिएरा लिओनमधील फ्रीटाउन हे जगातील मोठ्या नैसर्गिक बंदरांत गणले जाते, आणि मोंबासा किंवा दार-ए-सलामची बंदरे काही माणसाने खणलेली नाहीत. शिवाय खोल पाण्याचे बंदर ही प्रामुख्याने मोठ्या, जड जहाजांची गरज आहे. पूर्व किनाऱ्यावर शतकानुशतके चाललेली गलबते, विशेषतः फळ्या काथ्याने शिवून बांधलेले ‘म्तेपे’, भरतीबरोबर वाळूवर चढत, ओहोटीत तेथेच टेकत आणि माल कोरड्यावर उतरवून पुढच्या भरतीला निघत. अशा नौकांना खाडीपेक्षा वाऱ्याचे वेळापत्रक महत्त्वाचे असते, आणि ते तेथे उत्तम होते : हिवाळ्यात ईशान्य मोसमी वारे अरबस्तानाकडून खाली आणत, पुढे नैर्ऋत्य वारे परत नेत. एका हंगामात जाऊन परत येण्याची मर्यादा साधारण आजच्या टांझानियातील किल्वा या बंदराच्या नगरापाशी संपत असे. म्हणूनच त्याहून दक्षिणेच्या सोफाला बंदरातून येणारे सोने किल्वाच्या व्यापाऱ्यांच्या हातून जाई आणि किल्वा श्रीमंत झाले. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता १३३१ साली तेथे पोहोचला तेव्हा त्याने त्या नगराच्या सौंदर्याची नोंद केली. पोर्तुगीजांनी ते लुटले १५०५ साली. म्हणजे नगर आधी होते, युरोपीय नंतर आले.

दुसरा मुद्दा नद्यांचा आहे, आणि येथे थोडे थांबावे लागेल, कारण या युक्तिवादाचा सगळ्यात भरवशाचा पुरावा म्हणजे काँगो. किन्शासा आणि समुद्राच्या बाजूचे मतादी बंदर यांच्यामध्ये ही नदी सुमारे ३५० किलोमीटर अंतरात प्रपात आणि द्रुतवाहांची (खडकांवरून उसळत जाणाऱ्या वेगवान प्रवाहांची) माळ ओलांडत कोसळते. तेथून बोट वर नेणे अशक्य, हे निर्विवाद. पण किन्शासापाशी मागे वळून पाहिले, तर तेथून प्रवाहाच्या वरच्या अंगाला किसांगानीपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटर पाणी जलवाहतुकीस खुले आहे, आणि उपनद्या धरल्या तर काँगोच्या खोऱ्यात असे जलमार्ग हजारो किलोमीटर भरतात. बोबांगी लोकांच्या व्यापारी होड्या या पाण्यावर एकोणिसाव्या शतकापर्यंत नियमित ये-जा करीत होत्या. त्यांना समुद्र गाठायचा नव्हताच. किन्शासापाशी नदी रुंदावून झालेल्या मालेबो सरोवराकाठी माल उतरे आणि पुढे माणसांच्या डोक्यावरून पश्चिमेला जाई. जेथे होडी थांबते आणि ओझे उचलावे लागते, तेथे बाजार भरतो, मुक्काम पडतात, गाव वाढते. आज त्याच सरोवराच्या दोन काठांवर किन्शासा आणि ब्राझाव्हिल या दोन देशांच्या राजधान्या समोरासमोर उभ्या आहेत. धबधब्याने वस्ती अडवली असे म्हणायचे, तर आफ्रिकेतले हे एक सर्वांत मोठे महानगर धबधब्याच्या अगदी माथ्यावर कसे वाढले, याचे उत्तर त्या युक्तिवादाकडे नाही.

नाईलचेही तेच. अस्वानपासून वर खार्टूमपर्यंत सहा द्रुतवाह आहेत आणि त्यांनी नौकानयन तोडले, हे खरे. पण तिसऱ्या द्रुतवाहाच्या वरच्या अंगाला केर्मा हे नगर इसवी सनापूर्वी २५०० च्या सुमारास वाढीला लागले होते आणि आजच्या सुदानमधील कुशच्या राज्याचे पहिले केंद्र झाले. ईजिप्तने दुसऱ्या द्रुतवाहापाशी किल्ल्यांची रांग उभारली ती दक्षिणेच्या मोकळ्या रानाच्या धास्तीने नव्हे. पुढे इसवी सनापूर्वी आठव्या शतकात याच कुशच्या राजांनी ईजिप्तवरही राज्य केले.

नायजरची गोष्ट मात्र या दोघींहून वेगळी आहे, आणि मला ती सर्वांत बोलकी वाटते. गिनीच्या डोंगराळ भागात, समुद्रापासून फार दूर नसलेल्या ठिकाणी उगम पावून ही नदी समुद्राकडे पाठ फिरवते, ईशान्येला सहाराच्या कडेपर्यंत जाते आणि मोठे वळण घेऊन मग दक्षिणेला उतरते. मालीत तिचा एक अंतर्गत त्रिभुज प्रदेश तयार झाला आहे. उगमाकडे पाऊस पडतो तो पावसाळ्यात, पण त्याचा पूर या सपाट मैदानावर पसरतो तो पाऊस सरता सरता. स्थानिक जातीचा भात पहिल्या सरींवर पेरायचा, पाणी चढेल तसा तो दांडा लांबवत वर येतो आणि पूर उतरू लागला की कापणीला येतो. ओसरत्या पाण्याने उघड्या पडलेल्या ओलीवर ज्वारीची गाळपेर होते. आणि वर्षअखेरीस गुराखी आपले कळप नदीत पोहवत पलीकडच्या बोर्गू गवताच्या कुरणांवर नेतात. एकाच जमिनीवर मासा, भात आणि गुरे पाळीपाळीने येतात. याच मैदानात जेने-जेनो हे पांढरीचे, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीचे, टेकाड आहे. १९७७ पासून तेथे झालेल्या उत्खननातून दिसले की इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या सुमारास तेथे वस्ती झाली आणि पहिल्या सहस्रकाच्या उत्तरार्धात तिला सुमारे दोन किलोमीटर घेराची तटबंदी होती. त्या गाळाच्या मैदानात तांब्याचे धातुक नाही, मीठही नाही. तरी तांबे सापडते, म्हणजे ते कोणी तरी लांबून आणले होते. अरब तांडे येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालू होते. पुढे टिंबक्टू भरभराटीला आले ते याच नदीवरून होड्यांनी येणाऱ्या, जेने-जेनोशेजारच्या जेने नगराच्या धान्यावर.

तिसरा मुद्दा सहाराचा, आणि त्याला शब्दानेच उत्तर देता येते. वाळवंटाच्या दक्षिण कडेच्या पट्ट्याला ‘साहेल’ म्हणतात. हा अरबी शब्द आहे आणि त्याचा अर्थ किनारा. पूर्व किनाऱ्यावरच्या ‘स्वाहिली’ या नावाच्या मुळाशी त्याच शब्दाचे अनेकवचन आहे. ज्यांनी वाळवंट ओलांडले त्यांना ते भिंत वाटले नाही, समुद्र वाटला : धोक्याचा, पण पलीकडे बंदरे असलेला. १३५२ साली मोरोक्कोतील सिजिलमासाहून निघालेला इब्न बतूता २५ दिवसांनी तगाझा या मिठाच्या खाणींच्या गावी पोहोचला. तेथे झाड नव्हते. घरे आणि मशीद मिठाच्या ठोकळ्यांची, आणि वर छप्पर उंटाच्या कातड्याचे. अशा जागी माणसे राहत होती, कारण त्या मिठाला दक्षिणेत सोन्याचे मोल येई. दोन महिन्यांच्या प्रवासानंतर तो वलाटा येथे साहेलच्या ‘किनाऱ्याला’ लागला. टिंबक्टू, गाओ, कानो ही याच किनाऱ्याच्या आसऱ्याने वाढलेली नगरे आहेत. जहाजावरून पाहणाऱ्याला ती दिसणार नाहीत, यात नवल नाही.

चौथा मुद्दा रोगांचा, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर चौघांत हाच खरा वजनदार आहे. त्सेत्से माशीमुळे होणारा नगाना हा रोग गुरे आणि घोडे मारतो. जेथे माशी आहे तेथे नांगराला बैल नाही, गाडीला जनावर नाही, आणि ओझे डोक्यावरच वाहावे लागते. शेतीची आणि वाहतुकीची याने मोठी हानी केली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण माशीला सावली, दमटपणा आणि ऊब लागते. थंड उंच पठारावर आणि कोरड्या गवताळ रानात ती टिकत नाही. आणि आफ्रिकेतली दाट वस्ती शोधायला निघालो, तर ती नेमकी अशा जागी सापडते. इथिओपियाच्या पठारावर बैलांचा नांगर प्राचीन काळापासून चालतो. याच पठारावरच्या, सुमारे २,१०० मीटर उंचीवरच्या अक्सूम या प्राचीन राज्याच्या राजधानीने इसवी सनाच्या तिसऱ्या शतकापासून सोन्याची नाणी पाडली. ग्रेट झिंबाब्वे या जुन्या नगराच्या, चुन्याविना रचलेल्या, ठिकठिकाणी ११ मीटरपर्यंत चढलेल्या भिंती पठारावर आहेत, आणि तेथील उत्खननात गुरांची हाडे मुबलक निघाली. रवांडाला समुद्र नाही, जलवाहतुकीची नदी नाही. तरी २०२२ च्या जनगणनेनुसार तेथे दर चौरस किलोमीटरला सुमारे ५०० माणसे राहतात, कारण उंची आहे, पाऊस वर्षातून दोनदा येतो आणि माती कसदार आहे. माशीच्या पट्ट्यातही सगळे रिकामे नव्हते : आजच्या नायजेरियातील योरुबा लोकांच्या इफे नगरात अंगणांना फुटक्या मडक्यांची खापरे कडेवर उभी रोवून फरसबंदी केलेली आहे, आणि ती जनावरांविना, फावडे-कुदळीच्या शेतीवर उभ्या राहिलेल्या समाजाने केली. हिवतापाची गोष्टही अशीच. त्याने मुले मारली, पण वाढलेल्या माणसांत अंशतः प्रतिकारशक्ती येत असे. ज्यांच्या अंगात ती अजिबात नव्हती ते नवागत युरोपीय होते, आणि एकोणिसाव्या शतकात कोयनेल या हिवतापावरच्या औषधाचा वापर रुळेपर्यंत किनाऱ्यालाच चिकटून राहिले तेही प्रामुख्याने तेच.

शेवटी एक जोडमुद्दा या युक्तिवादाला नेहमी शेपटीसारखा येतो : आफ्रिकेत आज १६ देश भूवेष्टित, म्हणजे समुद्रकिनारा नसलेले, आहेत, म्हणजे भूगोलच वैरी, नाही का? देशांच्या सीमा मात्र नद्यांनी किंवा पर्वतांनी आखलेल्या नाहीत. बहुतेक सीमा १८८४–८५ च्या बर्लिन परिषदेच्या आगेमागे युरोपीय सत्तांच्या वाटाघाटींतून आल्या. यातला इथिओपिया पाहावा. अक्सूमच्या काळी त्याचे हस्तिदंत तांबड्या समुद्रावरच्या अदुलिस बंदरातून जाई. १९९३ साली एरिट्रिया स्वतंत्र झाला आणि इथिओपिया भूवेष्टित देशांच्या यादीत गेला. त्या वर्षी समुद्र मागे हटला नव्हता, पठारही सरकले नव्हते. आज इथिओपियाचा बहुतेक सागरी व्यापार जिबूती या शेजारी देशाच्या बंदरातून होतो.