स्पोर्ट्‌स कारचा भाव कशावर टिकतो? केए-22 (बेळगाव) पासिंगच्या निमित्ताने

बेळगाव, निपाणी, चिकोडी या आपल्या पट्ट्यात स्पोर्ट्‌स कार आता नवलाईची राहिलेली नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील कारखानदारांची पुढची पिढी आणि निपाणीच्या व्यापारी घरांतील तरुण रविवारी पहाटे चोर्ला घाटाच्या वाटेला लागतात, आणि ‘पुढे विकायला काढली तर कोणत्या गाडीचा भाव कमीत कमी पडेल?’ हा प्रश्न आमच्या मित्रमंडळींत हल्ली वरचेवर निघतो. उत्तरादाखल कुणीतरी कोणती गाडी किती भाव धरते याची अमेरिकेतील एखादी क्रमवारी पुढे करतो आणि चर्चा तिथेच मिटते. माझ्या मते त्या क्रमवारीत अर्धेच उत्तर असते. उरलेले अर्धे आरटीओच्या करपावतीवर असते, आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ते जास्त महागात पडते.

आधी गाड्यांचे बोलू. भाव टिकवण्यात पोर्शे 911 चे नाव पहिले येते आणि ते रास्त आहे. 1963 पासून तीच गाडी थोड्याफार बदलांनी चालत आली आहे, सुटे भाग मिळतात, आणि ती रोज चालवता येते. पण ‘911 घ्या, पैसे बुडणार नाहीत’ असे सरसकट सांगणे धोक्याचे आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ही गाडी हवेऐवजी पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनावर आली आणि त्या 996 पिढीच्या साध्या मॉडेलांत इंटरमीडिएट शाफ्टच्या बेअरिंगचा दोष निघाला. उद्यमबागेत बेअरिंगचे महत्त्व कुणाला समजावून सांगायला नको. हे बेअरिंग गेले की व्हॉल्व्हच्या उघडझापेचे टायमिंग बिघडते, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळे इंजिनच निकामी होते. दोष सर्वच गाड्यांत उद्भवला नाही, पण भीती सर्वच गाड्यांना चिकटली आणि त्या पिढीचा भाव कित्येक वर्षे दबलेला राहिला. त्याच पिढीच्या टर्बो आणि जीटी3 मध्ये वेगळ्या घडणीचे, मेट्झगर नावाने ओळखले जाणारे इंजिन होते. त्यांना ही भीती शिवली नाही आणि त्यांचा भाव चढा राहिला. नाव एक, पिढी एक, तरीही पुढच्या मालकाला रात्री झोप लागेल की नाही, एवढ्यावर किमतीत अंतर पडले.

हीच गोष्ट टोयोटा सुप्रा आणि बीएमडब्ल्यू झेड4 या जोडीत दिसते. 2019 मध्ये परतलेली सुप्रा आणि झेड4 ऑस्ट्रियातील ग्राझच्या एकाच कारखान्यात तयार होत आल्या, आणि सुप्राचे सहा सिलिंडरचे इंजिनही बीएमडब्ल्यूचेच. तरीही अमेरिकेच्या बाजारात सुप्रा झेड4 पेक्षा भाव चांगला धरते, कारण 1990 च्या दशकातील जुन्या सुप्राची पुण्याई तिच्या पाठीशी आहे. मासेराटीची गाडी मात्र शोरूमच्या फाटकाबाहेर पडली की घसरणीला लागते. तिचा आवाज ऐकून मीही भुलतो, हे कबूल. पण तीन-चार वर्षांनी तिची दुरुस्ती कोण आणि कितीत करणार, याचे उत्तर देणारा माणूस सापडत नाही. याउलट हाताने गिअर टाकण्याच्या गाड्या दुर्मिळ होत गेल्या तशा महाग झाल्या. फेरारी एफ430 मध्ये मॅन्युअल गिअरबॉक्स असेल, तर ती स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर बदलणाऱ्या एफ430 पेक्षा कितीतरी जास्त भावाने जाते. नवी असताना फारसे कुणी ती मागत नव्हते.

आपल्या देशात मात्र या सगळ्यावर कराचा थर चढतो. बाहेरून तयार येणाऱ्या महागड्या गाडीवर आयातशुल्क शंभर टक्क्यांच्या पुढे, त्यावर जीएसटी आणि वर राज्याचा कर. म्हणजे येथे आपण विकत घेतो त्यातला निम्म्याहून जास्त भाग गाडीचा नसतोच, आणि सरकारने कर हलवला की जुन्या गाडीचा भाव तिच्या मालकाने काहीही न करता हलतो. सप्टेंबर 2025 मध्ये मोठ्या गाड्यांवरील जीएसटी आणि उपकर मिळून होणारा 48 ते 50 टक्क्यांचा बोजा सरसकट 40 वर आला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर जुनीला जुना भाव कोण देणार? ब्रिटनशी जुलै 2025 मध्ये झालेल्या करारानुसार ठरावीक कोट्यातील गाड्यांचे आयातशुल्क टप्प्याटप्प्याने 10 टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. त्यामुळे मॅक्लारेन किंवा ॲस्टन मार्टिन आज जुन्या हिशेबाने विकत घेणाऱ्याने हा करार एकदा शांतपणे वाचावा. फोर्ड मस्टँगची गोष्ट उलटी आहे. 2016 मध्ये ती 65 लाखांच्या आसपास आली, बीएस-6 हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यावर येथे मिळेनाशी झाली आणि 2021 मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले. नवी मिळत नसल्याने जुनीला मागणी राहिली. सुटे भाग आणि सेवा यांची काळजी मात्र घेणाऱ्याने स्वतः वाहायची.

आता आपल्या सीमेचा प्रश्न. कर्नाटकात 20 लाखांवरील गाडीला आजीवन कर 18 टक्के, वर उपकर वेगळा, आणि त्याला कमाल मर्यादा नाही. महाराष्ट्रात आयात गाडीला दर 20 टक्के असला, तरी तेथे कराला कमाल मर्यादा आहे; ती 20 लाख होती आणि जुलै 2025 पासून 30 लाख झाली. तीन कोटींच्या गाडीला बेळगावात 54 लाख आणि उपकर भरावा लागतो, तर कोल्हापुरात जास्तीत जास्त 30 लाख. ही तफावत पाहून एमएच-09 म्हणजे कोल्हापूर पासिंगची गाडी घेऊन निपाणीत वापरण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु मोटार वाहन कायद्याप्रमाणे 12 महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवलेल्या गाडीची तेथे नव्याने नोंदणी करावी लागते, आणि बेंगळुरात परराज्यातील पासिंगच्या महागड्या गाड्या परिवहन खात्याने जप्त केल्याच्या बातम्या 2025 मध्ये आपण वाचल्याच आहेत.

विकताना ही सीमा जास्त बोचते. माझ्या मावसभावाने आपली पोर्शे केमन विकायला काढली तेव्हा कोल्हापूरहून एक गृहस्थ आले. गाडी त्यांना मनापासून आवडली, भावही जवळपास जुळला. मग त्यांनी ओसरीत बसून मोबाइलवर हिशेब मांडला: एनओसी काढायची, महाराष्ट्रात वयानुसार कर भरायचा, आणि कर्नाटकातील उरलेल्या कराचा परतावा कधी हाती पडेल ते देव जाणे. “दादा, एवढे तुमच्या भावातून कमी करा,” म्हणून त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून चहा घेता-घेता व्यवहार मोडला. गाडी शेवटी बेंगळूरला गेली. कोल्हापूर आपल्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, बेंगळूर पाचशेवर. तरीही केए पासिंगच्या महाग गाडीचा खरा बाजार तिकडेच आहे. म्हणून बेळगावात घेताना, बेंगळुरातील ग्राहक हिला हात लावेल का, हा प्रश्न मी मॉडेलच्या नावाइतकाच महत्त्वाचा मानतो.

विम्याच्या कागदावरील किमतीला या बाबतीत काही अर्थ नाही. तिथला घसाऱ्याचा तक्ता पाचव्या वर्षापर्यंत निम्मी किंमत वजा करतो, मग गाडी 911 असो की मासेराटी. खरी किंमत गाडीजवळ वाकून बघितल्यावर कळते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 च्या तेविसाव्या आठवड्यातला. आठ हजार किलोमीटर रनिंग सांगितले जाते आणि टायर सात वर्षांचे निघतात, तेव्हा नव्या संचाचे पैसे भावातून कापलेच पाहिजेत. पुढच्या बंपरचा खालचा ओठ हाताने चाचपावा. आपल्या गावांतील गतिरोधक तिथे आपली सही ठेवून जातात. मॅन्युअल पोर्शे असेल तर अधिकृत सेवाकेंद्रातून इंजिनाच्या संगणकाचा ओव्हर-रेव्ह अहवाल काढून घ्यावा. चुकीचा खालचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे फिरले असेल, तर ते किती वेळा आणि इंजिनाच्या कितव्या तासाला, हे त्यात इंजिनाच्या वेगाच्या चढत्या टप्प्यांत नोंदलेले असते. वरच्या टप्प्यांत अलीकडच्या तासांची नोंद दिसली, तर केए-22 पासिंग, सिंगल ओनर आणि चकचकीत रंग असूनही मी तरी ती गाडी घेणार नाही.