केनियात मसाई माराला निघालात? लशीचं बघू हो नंतर!

सहलीचे पैसे भरलेत ना? मग झालं. आता लक्ष्मी रोडवरून बॅगा आणा, टोप्या आणा, बाकरवडी सिंहालाही पुरेल एवढी घ्या. पीतज्वराच्या, म्हणजे यलो फिव्हरच्या, लशीचं विमानाच्या आदल्या दिवशी बघा. लशी बनवणारी सीरम पुण्यात, विषाणूंवर संशोधन करणारी एनआयव्ही पुण्यात. लस काय, कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही मिळेल.

लसीकरण केंद्रावर पासपोर्ट नेऊ नका. आधारची झेरॉक्स पुरे.

अंड्याची ॲलर्जी, साठीपुढचं वय, चालू औषधं यांबद्दल डॉक्टरांनी विचारलं तर "रोज तळजाई चढतो" एवढंच सांगा.

मलेरियाच्या गोळ्या? ओडोमॉस आहे की.

रांगेच्या बाबतीत मात्र गेल्या आठवड्यात माझ्यापुढे घुसलेल्या काकांचा आदर्श ठेवा. "फक्त विचारायचंय" म्हणत थेट टेबलाशी. विमान परवा. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, हे कळल्यावर म्हणाले, "मग मागची तारीख टाका, कोण बघतंय?" सिस्टर नाही म्हणाल्या. मग मेहुण्याला फोन, मग टूरवाल्याला, तोही स्पीकरवर. इकडे कुपी फोडलेली. एका कुपीत अनेकांचे डोस असतात, एकदा कालवली की सहा तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणून तर ठरलेल्या वारी माणसं मोजून बोलावतात. नायजेरियाला नोकरीवर निघालेला पोरगा घड्याळ बघतोय, मागे एकीच्या कडेवरचं पोर रडून रडून झोपलं, आणि काकांचं चालूच, "आम्ही टॅक्स भरतो!" अहो, टॅक्स भरला म्हणून दहा दिवसांचे दोन होतात का? अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला वेळ लागतो, तिथे मेहुण्याची ओळख चालत नाही!

आणि हे काही सरकारचं खूळ नाही. पीतज्वर पसरवणारा एडिस डास तुमच्या गॅलरीतल्या कुंडीखालच्या ताटलीत बसलाय, डेंगी करणारा तोच. भारतात नाही तो फक्त पीतज्वराचा विषाणू. तो इथे येऊ नये म्हणून प्रमाणपत्राशिवाय केनियाहून परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. खोट्या तारखेचा कागद मागता म्हणजे काय मागता, कळतं का? 2016 पासून एक डोस जन्मभर चालतो. जन्मात एकदा, वेळेवर जायचंय. तेवढंही होत नसेल तर कात्रजला जाऊन वाघ बघा. आणि परत माझ्यापुढे घुसलात तर मी ऐकून घेणार नाही.