स्टॅम्प पेपरवर रिव्हॉल्वर विकत मिळत नसतं

मामांचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो. "पन्नास हजार विसार देऊन आलोय," म्हणाले.

"कसला विसार? जमिनीचा?"

"नाही रे, रिव्हॉल्वरचा. वेब्ले आहे. ओरिजिनल विलायती. साडेचार लाखात तुटलं."

मामांचा खडी क्रशर आहे. मजुरांच्या पगाराची रोकड घेऊन दर आठवड्याला एकट्यानं येणं-जाणं असतं. दीड वर्ष खेटे घातल्यावर यंदा त्यांना परवाना मिळाला, आणि परवान्यावर हत्यार घ्यायची मुदत लिहिलेली असते, म्हणून घाई. इथवर सगळं रीतसर. पण हा सौदा त्यांनी कशाच्या भरवशावर केला, तर व्हॉट्सॲपवर आलेल्या एका मेसेजच्या. तो मलाही त्याच आठवड्यात तिसऱ्यांदा आला होता. "नवीन रिव्हॉल्वर घेऊन फसू नका", खाली हात जोडलेले, आणि शेवटी "जनहितार्थ".

ज्यांना तो आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सरकारी कारखान्याचं नवं रिव्हॉल्वर फुटतं, जुनं विलायतीच घ्या. जुन्याला वेगळी परवानगी लागत नाही, पाचशेच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी केली की झालं. नळीत टॉर्च मारा, आत चकाकलं तर माल चोख. वर्षानुवर्षं कपाटात पडून असेल तर उत्तमच, कोरं समजा. बत्तीस बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) म्हणजे बत्तीस, गोळी कुठलीही बसते. जुन्याची किंमत सोन्यासारखी, कधी पडत नाही. आणि घेण्याआधी शेतात दोन बार काढून बघा.

मी शस्त्रतज्ज्ञ नाही. कॉलेजात एनसीसी, पुढे रायफल क्लब, आणि वीस वर्षं परवानाधारक. त्यातली पहिली चार वर्षं मी एक जुनं रिव्हॉल्वर बाळगून पस्तावलो आहे, तेव्हा एवढं बोलायचा हक्क मला आहे.

आधी स्टॅम्प पेपर, कारण बाकीच्या मुद्द्यांवर विश्वास ठेवलात तर पैसे जातील, यावर ठेवलात तर पोलीस घरी येतील.

शस्त्र अधिनियम, १९५९. कलम ५. मेसेज लिहिणाऱ्यानं एवढं एक कलम वाचलं असतं तरी पुरे होतं. परवानाधारकाला स्वतःचं हत्यार दुसऱ्याला विकता येतं, नाही असं नाही. पण घेणाऱ्याकडे त्या हत्याराचा परवाना हवा. विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायला हवं की मी अमुक हत्यार अमुक माणसाला, या नावाच्या, या पत्त्यावरच्या माणसाला विकणार आहे. आणि कळवल्यावर किमान ४५ दिवस जाऊ द्यायला हवेत. त्यानंतर व्यवहार, मग दोघांच्या परवान्यांवर नोंदी. यात नोटरी कुठेच नाही. नोटरी तुमची सही तुमचीच आहे एवढं सांगतो. उद्या स्टॅम्पवर कुणी मुळशीचं धरण लिहून दिलं म्हणून ते तुमचं होत नाही.

आता मामांच्या सौद्याकडे या. मी विचारलं, विकणारा कोण? म्हणाले, पलीकडच्या गावचा बागायतदार, चांगल्या घरचा पोरगा. परवाना कुणाच्या नावावर? "वडिलांच्या. ते गेले ना दिवाळीत."

जेवण तिथंच संपलं माझं.

ज्याच्या नावावर परवाना तो माणूस गेला की हत्यार घरात ठेवण्याचा हक्कही गेला. कलम २१ सांगतं की वारसानं विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. जमा केल्यावर वाट बंद होत नाही. वारस स्वतः परवान्यासाठी अर्ज करू शकतो, किंवा जमा असलेलं हत्यार पात्र माणसाला विकायला संमती देऊ शकतो. पण ठरलेल्या मुदतीत काहीच केलं नाही तर ते सरकारजमा होतं. २०१६ च्या शस्त्र नियमांत तर याहून सोपी सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, यातलं जे आधी होईल तेव्हा, हयातीतच वारसाच्या नावानं परवाना मागता येतो. आपल्याकडे ते कुणी करत नाही. सातबारा करायचा राहतो, तसंच हेही राहतं.

म्हणजे तो पोरगा दिवाळीपासून विनापरवाना हत्यार घेऊन बसलाय, बहुधा त्याच्या ध्यानीमनी नसताना. कलम २५ मध्ये त्याला थेट कैद आहे. आणि माझे मामा त्याच्याकडून ते स्टॅम्पवर लिहून घेणार होते, स्वतःच्या सहीनिशी, दोन साक्षीदारांसह. गुन्ह्याचा पुरावा स्वतःच्या खर्चानं टाइप करून देण्याचा हा प्रकार.

अजून एक. फ्रेमवरचा नंबर परवाना पुस्तिकेतल्या नंबराशी अंकानं अंक जुळला पाहिजे. नंबर घासलेला, पुन्हा ठोकलेला दिसला तर हात लावू नका. तसं हत्यार तुमच्याकडे सापडलं तर कलम ८ प्रमाणे ते तुम्हीच घासलं असं धरून चालतात. नाही, हे सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर.

आता "सरकारी फुटतं, विलायती घ्या". याचं मला हसू येतं. कानपूरच्या सरकारी कारखान्यात वर्षानुवर्षं बनत आलेलं .३२ मार्क थ्री पाहिलंय का कुणी नीट? मधोमध मोडून उघडतं. ही मोडणी आली कुठून? बर्मिंगहॅमच्या वेब्ले अँड स्कॉट कंपनीच्या मार्क फोरवरून बेतलेलं आहे ते. म्हणजे ज्या नावासाठी मामा साडेचार लाख मोजायला निघाले त्याच घराण्याचं हे देशी पोर. आणि खुद्द वेब्लेचंच नाव हवं असेल तर तेही आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथं, भारतीय भागीदाराबरोबर, नव्या रिव्हॉल्वरवर ठोकलं जातं. विलायत हरदोईला आली, मेसेज अजून बर्मिंगहॅमलाच अडकलाय.

खरं तेवढं मान्य करतो. कानपूरच्या जुन्या मॉडेलांचा चाप जड आहे, पहिल्यांदा ओढणाऱ्याचा नेम हमखास खाली जातो. कडा खरखरीत असतात, पॉलिश यथातथाच. जुन्या अमेरिकी स्मिथ अँड वेसनचा चाप ओढून मग कानपूरचा ओढला तर फरक बोटालाच कळतो, त्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. जुन्याचं कौतुक करणारे इथं चुकत नाहीत. पण कारखाना काही त्याच जागी थांबलेला नाही. २०१४ साली पाचशे ग्रॅमचं 'निर्भीक' आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आलं, त्याचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचं फिरतं चाक, बाजूला उघडतं, मधोमध मोडावं लागत नाही. तेव्हा "नवीन म्हणजे तेच जुनं डबडं" हेही धड खरं नाही.

आणि फुटण्याचं म्हणाल तर रिव्हॉल्वर देश बघून फुटत नाही. दारू सादळलेली असली की गोळी नळीत अडकते, बार 'फुस्स' होतो, आणि घाबरलेला माणूस पुन्हा चाप ओढतो. दुसरी गोळी पहिलीवर आदळते आणि नळी फुगते किंवा फाटते. आता सांगा, जुनं हत्यार घेतल्यावर त्यासोबत "ही पण घ्या" म्हणून मिळणारी वीस वर्षांपूर्वीची काडतुसं कुठली असतात? नव्यासोबत अशी कुणी देत नाही.

टॉर्चचा मुद्दा माझ्या जिव्हारी लागतो, कारण मी तेच केलं होतं. नळीत उजेड टाकला, आत खाचा आरशासारख्या. विक्रेता म्हणाला, "साहेब, दहा बारसुद्धा नाही निघाले." मी घेतलं. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच दिवशी उजव्या हाताला आणि शेजारच्या माणसाच्या गालाला शिशाचे बारीक कण लागले. सिलिंडरमधल्या गोळीच्या सहा घरांपैकी दोन नळीसमोर नीट येतच नव्हती. गोळी कड घासत नळीत शिरायची आणि घासलेलं शिसं सिलिंडर आणि नळीमधल्या फटीतून बाजूला उडायचं. नळी चकाकत होती, अगदी मान्य. बिघाड नळीत नव्हताच.

बघायचं असतं ते सिलिंडर. रिकामं आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी, घरोघर बघून झाल्यावर, दुकानात, जाणत्या आर्मररसमोर (हत्यारं दुरुस्त करणाऱ्यासमोर) घोडा हळू मागे घ्या. घोडा पूर्ण चढेपर्यंत सिलिंडर जागेवर बसून लॉक व्हायला हवं, सहाही घरांवर. मग बोटांनी हलवा. आडवं किंचित हलेल, पुढे-मागे खडखडलं तर झीज झाली. वेब्लेसारख्या मोडून उघडणाऱ्यात वरची कडी आणि बिजागरी बघा, कारण सगळा भार तिथं येतो. बंद केल्यावर नळी आणि फ्रेममध्ये खेळ लागत असेल तर नमस्कार करून परत द्या. माझ्या रिव्हॉल्वरचे भाग मिळेनात. एका म्हाताऱ्या कारागिरानं कानस मारून चार घरांचं पाच केलं, सहावं शेवटपर्यंत रुसलेलंच. नव्याला सुटा भाग मागायला निदान कारखाना जागेवर असतो.

"कपाटात पडून होतं" ही तर तक्रार आहे, गुण कसला? ग्रीस घट्ट होऊन डिंकासारखं बसतं. चामड्याच्या म्यानात ठेवलं असेल तर चामडं ओल धरतं आणि धातूवर खड्डे पाडतं. कोकणात एक पावसाळा पुरतो त्याला. आणि आपल्याकडचं जुनं हत्यार सहसा नुसतं कपाटात नसतंच. आचारसंहिता लागली की ते बऱ्याचदा ठाण्यात जमा करावं लागतं. लोकसभा, विधानसभा, झेडपी, नगरपालिका. आठवडेच्या आठवडे चिठ्ठी बांधून पडून, तेलाचा थेंब नाही. तीस वर्षांच्या रिव्हॉल्वरनं किती निवडणुका भोगल्या असतील याचा हिशोब करा. हे नव्याच्याही नशिबी आहे, पण त्याच्या निवडणुका अजून व्हायच्यात.

बोअरचं थोडक्यात सांगतो. कानपूरचं रिव्हॉल्वर .३२ स्मिथ अँड वेसन लाँग या काडतुसाचं. हे काडतूस १८९६ पासून चालत आलंय. त्याच '.३२'चं आखूड काडतूसही आहे, आणि आखूड घराच्या जुन्या हत्यारात लाँग बसतच नाही. पिस्तुलाचं .३२ एसीपी तिसरंच. दुकानात तुम्हाला काय सहज मिळणार ते आधी विचारा, मग नळीवर काय कोरलंय ते वाचा. आणि .३८ कोरलेलं असेल तर चर्चाच मिटली. .३८ आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं, साध्या परवान्यावर येत नाही. जुन्या वेब्लेंमध्ये .३८ पुष्कळ आहेत, हे मामांना सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ कुणी बोललं नाही.

सोन्यासारख्या किमतीचं गणित सरळ आहे. सामान्य माणसासाठी परदेशी हत्यारांची आयात १९८० च्या दशकात बंद झाली. देशात होती तेवढीच फिरत राहिली, म्हणून भाव चढला. किंमत चढलीय हे खरं, पण ती टंचाईनं चढलीय आणि तिचा नेमाशी काही संबंध नाही. ज्याला संग्रह करायचाय त्यानं खुशाल मोजावेत. ज्याला रात्री क्रशरवरून एकट्यानं यायचंय त्यानं का मोजावेत?

शेतात बार काढण्याबद्दल एकच ओळ पुरे. जिवाला धोका होईल असा निष्काळजी गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मी जुनं घेऊच नका म्हणत नाही. परवानाधारक हयात आहे, त्यानं लेखी कळवलंय, ४५ दिवस झालेत, नंबर जुळतोय, काडतूस लाँगच आहे, आर्मररनं सहाही घरं तपासलीत, आणि भाव नव्यापेक्षा कमी आहे, तर जरूर घ्या. असे सौदे होतात. पण पहिलंच हत्यार घेणाऱ्याला यातलं निम्मं तपासता येत नाही. मला आलं नव्हतं. म्हणून मामांना मी नवंच घ्यायला सांगितलं, आणि वाचलेल्या पैशांतले थोडे रेंजवर घालवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मामा वकिलाला घेऊन त्या घरी गेले. पोरगा घाबरला, पण शहाणा निघाला. संध्याकाळीच रिव्हॉल्वर ठाण्यात जमा करून पावती घेतली. नळीवर काय कोरलं होतं ते बघायचं मात्र मामांच्या लक्षात राहिलं नाही.

विसारातले तीस हजार परत आलेत. उरलेले वीस ऊस गेल्यावर देतो म्हणालाय.