रिमोटला बडवून काय होणारे?

रिमोट चालेना की जो तो आधी तळहातावर आपटतो, मग सेल काढून नुसते गोल फिरवतो आणि तेवढ्यापुरता चालला की खूश, अरे बाबांनो फिरवून सेल चार्ज होत नाही, कॉन्टॅक्टवरचा गंज जरासा घासला जातो एवढंच! त्यापेक्षा मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर रिमोटचं तोंड धरून बटण दाबा ना, स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकला म्हणजे रिमोट बहुतेक ठीक, मग टीव्हीच्या सेन्सरसमोर कोणी साउंडबार आणून ठेवलाय ते बघा. (ब्लूटूथवाल्याला ही युक्ती चालत नाही, त्याचं पेअरिंगचं रडगाणं वेगळंच.) आणि एकटं व्हॉल्यूमचंच बटण रुसलं असेल तर दोष सेलचा नाही, खालचं रबर मळलंय नाहीतर झिजलंय, दिवसभर तेच चेपत बसायचं आणि वर कंपनीला शिव्या!