वर चाल लिहा ना राव

काल रात्री आमच्या जुन्या बँडच्या ग्रुपवर परत तेच सुरू झालं. ड्रमरने एक रील टाकलं, डाव्या कानात ओएसिस बँडचं 'वंडरवॉल', उजव्या कानात ग्रीन डेचं 'बुलेव्हार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' आणि वर लाल अक्षरात मोठ्ठं 'चोर'. त्यावर बेसवाला म्हणे चोरीबिरी काही नाही, चार कॉर्ड (एकत्र छेडलेले स्वर) आहेत, त्या काय कुणाच्या बापाच्या आहेत का. मग काय, दीड वाजेपर्यंत जुंपली. चाळिशी ओलांडलेली माणसं, सकाळी सगळ्यांना ऑफिस, आणि भांडण कशावरून तर वीस वर्षांपूर्वीच्या गाण्यावरून. तिथे टाइप करून अंगठा दुखला म्हणून इथे लिहितोय. लांब आहे, ज्यांना रॉकशी घेणंदेणं नाही त्यांनी स्क्रोल करून पुढे जा, राग नाही.

आधी त्या रीलचंच घेऊ. गाणी सारखी आहेत का? आहेत, कान असलेल्या कुणालाही कळेल. वंडरवॉल 1995 चं, बुलेव्हार्ड 2004 चं, गिटारवर बोटांचे आकार जवळजवळ तेच, ई मायनर, जी, डी, ए, फक्त कॅपो (तारा दाबून स्वर चढवायचा चिमटा) एकात दुसऱ्या फ्रेटला (दांड्यावरच्या आडव्या पट्टीला) आणि दुसऱ्यात पहिल्या. हे रील बनवणाऱ्याने काही शोध लावलेला नाही, 2004 मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या पार्टी बेन नावाच्या डीजेने ही दोन गाणी एकमेकांवर चढवून रेडिओवर धुमाकूळ घातला होता. ओएसिसचा नोएल गॅलॅघर तर भडकून म्हणाला होता की निदान मी मरेपर्यंत तरी थांबायचं, मी ज्यांचं उचलतो त्यांना तेवढा मान देतो. आता हे म्हणणारा माणूस कोण, तर ज्याच्या 'शेकरमेकर'ची चाल कोका-कोलाच्या जाहिरातीतल्या गाण्यावरून आली म्हणून त्याला पैसे मोजावे लागले तो. आणि 'सिगरेट्स अँड अल्कोहोल'चा रिफ (गिटारवर परत परत येणारा तुकडा) सरळसरळ टी. रेक्सच्या 'गेट इट ऑन'चा. पण मला नोएल आवडतो हां, उचलतो हे कबूल तरी करतो.

आता रॉकची गाणी मुळात एकसारखी का वाटतात याचं अर्ध उत्तर गिटारमध्येच आहे. सहा तारा, ठरलेलं ट्यूनिंग, पहिल्या तीन फ्रेटमध्ये सहज बसणाऱ्या सात-आठ कॉर्ड, चारचा ठेका, आणि सोलो घ्यायची वेळ आली की सगळ्यांची बोटं त्याच एका चौकटीत जाऊन पडतात, मायनर पेंटाटोनिक. म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी. म्हणजे आपला धानी राग! हे मला कॉलेजात असताना सांगलीच्या माझ्या मामांनी सांगितलं. मामा भजनी मंडळात पेटी वाजवतात, नोकरीत असल्यापासून. मी सुट्टीत त्यांच्याकडे वॉकमन घेऊन गेलो होतो, त्यांनी एक हेडफोन कानाला लावला, लेड झेपेलिन बँडचा सोलो चालू होता, अर्धा मिनिट ऐकलं आणि म्हणाले, "धानीच की रे हा. आणि एवढा का ओरडतोय?"

तर धानीत दोन जण भेटले म्हणून कुणी कुणाचं चोरलं होत नाही. यमनात हजार चिजा आहेत, कोण कुणाला नोटीस पाठवतो? त्यामुळे बेसवाल्याचं बरोबर आहे, कॉर्ड कुणाच्या बापाच्या नाहीत. 'लुई लुई', 'वाइल्ड थिंग', जवळजवळ त्याच तीन कॉर्ड, तीच धडधड, दोन्ही गाणी आपापल्या पायावर मजेत उभी आहेत. दोन अमेरिकन, डेमियन रील आणि नोहा रुबिन, यांनी तर एक प्रोग्रॅमच लिहिला, आठ स्वर आणि बारा जागा धरून जेवढ्या म्हणून चाली होऊ शकतात तेवढ्या सगळ्या कॉम्प्युटरकडून काढून घेतल्या, 68 अब्ज आणि वर काही कोटी, आणि 2020 मध्ये सगळ्या जगाला फुकट देऊन टाकल्या, घ्या म्हणे आणि कोर्टात जाणं बंद करा. कल्पना भारी आहे. पण 68 अब्ज चाली असल्या तरी माणसाच्या गळ्याला आणि बोटांना त्यातल्या मोजक्याच गोड लागतात, आणि गाडी परत परत तिथेच येते.

बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनचं काय झालं बघा. 1970 चं 'माय स्वीट लॉर्ड', मागे कोरस 'हरे कृष्ण' म्हणतोय, 'गुरुर्ब्रह्मा' पण आहे त्यात, मी मामांना ऐकवलं तेव्हा ते चक्क मांडीवर ताल धरून बसले होते. त्यावर केस पडली, कारण शिफॉन्स नावाच्या मुलींच्या ग्रुपचं 1963 चं 'ही इज सो फाइन', रॉनी मॅकने लिहिलेलं, त्याची चाल जवळजवळ तीच निघाली. कोर्टात जज रिचर्ड ओवेन यांनी दोन्ही गाण्यांत सारखे असलेले दोन तुकडे वेगळे काढून दाखवले. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला 'प ग रे' आणि दुसरा 'प ध सां ध सां'. म्हणजे भूप रागाचे स्वर! रविशंकरांकडे बसून सतार शिकलेला माणूस भूपात पकडला गेला राव. 1976 मध्ये निकाल लागला की त्याने मुद्दाम चोरलं नाही पण मनाच्या तळाशी ते गाणं होतं आणि तिथून आलं, तरी भरपाई द्यावीच लागेल. आणि त्यातही गंमत (गंमत कसली, हरामखोरी) अशी की हॅरिसनचाच जुना मॅनेजर ॲलन क्लाइन, ज्याने सुरुवातीला त्याच्या बाजूने तडजोडीची बोलणी केली होती, त्याने मधल्या काळात केस करणारी कंपनीच विकत घेतली, 5 लाख 87 हजार डॉलरला. भरपाईचा आकडा निघाला होता जवळजवळ 16 लाख. शेवटी 1981 ला कोर्टानेच क्लाइनला आवरलं, म्हणाले जेवढ्याला घेतलीस तेवढेच मिळतील, नफा नाही.

मी हॅरिसनच्या बाजूचा आहे. डोक्यात कुठे काय रुजलेलं असतं ते कुणाला कळतं का? आपण आंघोळ करताना गुणगुणतो ती चाल आपली की लहानपणी शेजारच्या रेडिओवरची, सांगता येतं का? उलट जॉन फॉगर्टीची केस ऐकाल तर हसावं की रडावं कळणार नाही. त्याच्या क्रीडन्स बँडच्या जुन्या गाण्यांचे हक्क कंपनीकडे, याने 1985 मध्ये एकट्याचं नवं गाणं काढलं, तर कंपनी म्हणे हे तुझ्याच 1970 च्या गाण्यासारखं आहे, भर पैसे. म्हणजे फॉगर्टीने फॉगर्टीचं चोरलं! 1988 मध्ये हा गडी साक्षीच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला आणि ज्युरीला वाजवून दाखवलं की बाबांनो माझी स्टाइल हीच आहे, मी दुसरं काय वाजवू. जिंकला. मग वकिलाच्या फीसाठी पार सुप्रीम कोर्टापर्यंत भांडला आणि 1994 ला तिथेही निकाल त्याच्याच बाजूने लागला.

आता लेड झेपेलिनचं 'स्टेअरवे टू हेवन'. यावर ग्रुपमध्ये दोन मित्र एकमेकांशी आठवडाभर बोलत नव्हते एवढं सांगतो. स्पिरिट बँडचं 'टॉरस' 1968 चं, स्टेअरवे 1971 चं, दोन्हीत गिटारवर ए मायनरपासून खाली उतरत जाणारी ओळ. ए ला सा धरलं तर सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, असं पायरी पायरीने खाली. दोन्ही बँड 1968 च्या डिसेंबरमध्ये डेन्व्हरला एकाच स्टेजवर वाजवून गेलेले. 'टॉरस' लिहिणारा रँडी कॅलिफोर्निया 1997 मध्ये हवाईला समुद्रात मुलाला वाचवताना बुडून गेला, मुलगा वाचला, हा नाही. केस पडली त्यानंतर खूप उशिरा, 2014 ला. आणि जुन्या कायद्याप्रमाणे ज्युरीला तुलना करायला रेकॉर्ड ऐकवायचीच नाही, सरकारदरबारी जमा केलेला नोटेशनचा कागद होता तेवढाच धरायचा! 2016 ला झेपेलिन जिंकले, मग अपील, मग परत अपील, 2020 ला विषय संपला. माझं मत विचाराल तर निकाल बरोबर, ती उतरती ओळ शेकडो वर्षं जुनी आहे, कुणीही उतरावं त्या जिन्यावरून.

पण.

याच झेपेलिनचं 'होल लॉटा लव्ह' घ्या आणि इथे माझं डोकं फिरतं. ते विली डिक्सनच्या गाण्यावरून आलंय, 'यू नीड लव्ह', मडी वॉटर्सने 1962 ला गायलेलं, शब्दांसकट उचललंय. डिक्सन काळा माणूस, शिकागोचा ब्लूजवाला, आयुष्यभर दुसऱ्यांना गाणी लिहून दिली. 1969 ला झेपेलिनच्या रेकॉर्डवर त्याचं नावसुद्धा नाही. 1985 मध्ये त्याने केस टाकली, तेव्हा कुठे तडजोड होऊन पुढे नाव लागलं. सोळा वर्षं! आणि ते काय गरीब होते का, विमान घेऊन फिरत होते. बीच बॉइजच्या 'सर्फिन यूएसए'चं तेच, खाली चक बेरीचं 'स्वीट लिटल सिक्स्टीन' जसंच्या तसं, नाव मागाहून लागलं. (चक बेरीने स्वतः 'जॉनी बी. गुड'ची ती जगप्रसिद्ध सुरुवात लुई जॉर्डनच्या 1946 च्या रेकॉर्डवरून घेतली, कार्ल होगन नावाच्या गिटारवाल्याची. पण बेरी ते उघड सांगायचा.)

तर ग्रुपवर मी हेच सांगत होतो आणि कुणी वाचायला तयार नव्हतं. प्रश्न सारखं वाटण्याचा नाहीच आहे. मामांकडे संगीत नाटकांची जुनी पुस्तकं आहेत, पिवळी पडलेली, पान उलटलं की कोपरा हातात येतो. त्यात प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, 'चाल – अमुक अमुक'. कुठे लावणीची, कुठे आरतीची, कुठे कानडी पदाची. किर्लोस्करांपासूनची पद्धत ही. पुढे बखलेबुवांनी 'स्वयंवर'ला चाली दिल्या त्यातल्या कित्येक घराण्यातल्या चिजांवरून, आणि कुणाला त्यात कमीपणा वाटला नाही, उलट लोक दाद द्यायचे की बुवांनी काय बसवलंय. मामांच्या भजनाच्या वहीत पण तेच, अभंग निळ्या शाईत आणि वर लाल पेनने चाल, बऱ्याचदा पिक्चरच्या गाण्याची. मी एकदा म्हणलं मामा तुम्ही पण कॉपीच मारता की, तर म्हणाले, "वर लिहिलंय की कुणाची ते. न लिहिता म्हटलं असतं तर मग तुझं खरं."

बास, एवढंच हवं होतं झेपेलिनकडून. रेकॉर्डच्या मागे एक ओळ, चाल – विली डिक्सन.

ज्यांनी हे नीट हाताळलं ते पण आहेत की. टॉम पेटी (नावातच पेटी, मामांना फार आवडलं होतं हे), स्ट्रोक्स बँडच्या 'लास्ट नाइट'मध्ये त्याच्या 'अमेरिकन गर्ल'ची सुरुवात जशीच्या तशी, हा हसला आणि सोडून दिलं. सॅम स्मिथचं 'स्टे विथ मी' त्याच्या 'आय वोन्ट बॅक डाउन'सारखं निघालं तर कोर्टाबाहेर मिटवलं, पेटी आणि ते गाणं त्याच्याबरोबर लिहिणारा जेफ लिन दोघांना मिळून साडेबारा टक्के आणि नाव. डीप पर्पलचं तर मस्तच. त्यांचं 'चाइल्ड इन टाइम' 1970 चं, त्याची मूळ धून 'इट्स अ ब्यूटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडची, आणि गाण्याचं नाव माहितीये काय? 'बॉम्बे कॉलिंग'! व्हायोलिनवर आहे, ऐका, काटा येतो. गायक इयान गिलनने स्वतः कबूल केलंय. आणि त्या बँडने काय केलं, तर डीप पर्पलचं 'रिंग दॅट नेक' उचलून आपल्या पुढच्या रेकॉर्डवर टाकलं. फिटंफाट. ना वकील ना नोटीस. आणि 2021 ला ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'ब्रूटल'वरून लोक ओरडले की हा एल्विस कॉस्टेलोचा 'पंप इट अप'चा रिफ आहे, तर कॉस्टेलोने स्वतःच ट्विट केलं की मला चालतंय, रॉक असंच चालतं, मी पण डिलनचं घेतलं होतं आणि डिलनने चक बेरीचं.

आता आमच्या बँडचं. आमचं एकच ओरिजिनल गाणं होतं, स्लो, दर्दभरं, इंग्रजीत (व्याकरणाबद्दल विचारू नका), 2004 च्या गॅदरिंगला तिसरा नंबर आला होता, तीन बँडमध्ये. संगीत मी दिलेलं. आणि मी आज सांगून टाकतो, ते रेडिओहेडचं 'क्रीप' होतं, त्याच चार कॉर्ड, जी, बी, सी, सी मायनर, चाल पण ऐंशी टक्के तीच. तेव्हा मला खरंच वाटायचं मी बनवलंय. पुढे कळलं की 'क्रीप' स्वतःच हॉलीज बँडच्या 1974 च्या 'दि एअर दॅट आय ब्रीद'सारखं निघालं म्हणून ते लिहिणाऱ्या हॅमंड आणि हेझलवूड यांची नावं त्याला जोडलीयेत. आणि 2018 मध्ये गायिका लाना डेल रेने सांगितलं की माझ्या गाण्यावरून आता रेडिओहेडची माणसं माझ्या मागे लागलीयेत. म्हणजे साखळी चालूच.

यंदा गणपतीत सांगलीला गेलो होतो. मामा आता 78 चे आहेत, डोळ्याला कमी दिसतं म्हणून वहीतलं मोठ्या अक्षरात उतरवून द्यायचं काम माझ्याकडे आलं. उतरवत उतरवत मधल्या पानावर तुकोबांचा एक अभंग आला, वर त्यांच्या लाल पेनने लिहिलेलं, 'चाल – आमच्या भाच्याचे इंग्रजी गाणे'. म्हणजे वीस वर्षं सांगलीतलं अख्खं भजनी मंडळ दर एकादशीला हॉलीजच्या चालीवर विठ्ठलाला आळवतंय. मामांना विचारलं तर म्हणाले, "अरे गोड आहे चाल, लोकांना आवडते, तू मनावर घेतलं असतंस तर नाव काढलं असतंस."

मी काही बोललो नाही. नवीन वहीत ती ओळ तशीच उतरवली, फक्त 'भाच्याचे'च्या पुढे जरा जागा सोडलीये.