एन्झाइम उतरलं म्हणजेच फायदा झाला?

'स्टॅटिनमुळे (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीमुळे) एलपी-पीएलए२ हे एन्झाइम घटतं आणि हृदयविकाराचा झटका टळतो तो त्यामुळेच,' हे लेखातलं विधान पटलं नाही. हे एन्झाइम रक्तात बहुतांश एलडीएलच्या ('वाईट' कोलेस्टेरॉलच्या) कणांवर बसूनच फिरतं. एलडीएल घटलं की तेही घटणारच. एसटी रद्द झाली की तिच्यातले प्रवासीही येत नाहीत, तसं. नुसतं एन्झाइम दाबून काय होतं तेही बघून झालंय. डाराप्लॅडिब हे औषध त्यासाठीच होतं. १५ हजारांवर हृदयरुग्णांवरच्या 'स्टॅबिलिटी' चाचणीचा निकाल २०१४ मध्ये आला. एन्झाइम दबलं, पण हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण लक्षणीय घटलं नाही. लेखात याचा उल्लेखच नाही!

अमळनेरला माझं मेडिकल आहे. असं काही छापून आलं की गिऱ्हाईक विचारतं, "भाऊ, ही एन्झाइमची तपासणी जळगावला होते का?" आणि तोच माणूस एलडीएलचा रिपोर्ट चांगला आला म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळी बंद करून बसलेला असतो. (शेवभाजीवरची तर्री मात्र चालूच.) गोळी बंद केली की एलडीएल काही आठवड्यांत परत वर चढतं, हे ठळक छापायला हवं होतं.